मालक सगळ्यांच्या स्वप्नात जातात

आमचे मालक वारल्यानंतर पहिल्यांदा आले ते चहा प्यायला, आणि तेही सुनेच्या स्वप्नात.

गवळी उशिरा आला म्हणून सांगावं इतक्या सहज सोनियानं मला हे सांगितलं, गॅसवर दूध ठेवता ठेवता. "आत्या, काल मामा आलते बघा सपनात. ह्याच ओट्याला टेकून हुबारले. म्हणले, सोनिया, च्या टाक, साखर जरा जास्ती घाल."

मी मेथी निवडत होते. जुडी हातातच राहिली.

"मला इचारलं का?"

"न्हाई."

"रंगू कुठं हाय, एवढंबी न्हाई?"

"न्हाई वो आत्या. च्या पिले, कप इसळला आन् गेले."

कप विसळला! ज्या माणसानं सगळ्या जन्मात जेवल्यावर ताट हातभर सरकवलं नाही, तो मेल्यावर कप विसळायला शिकला. मला हसू यायला पाहिजे होतं. पण मी त्या दिवशी मेथीच्या काड्या भाजीत टाकल्या आणि पानं कचऱ्यात. सून बिचारीनं तीच काड्यांची भाजी फोडणीला टाकली. माझ्यापुढं फारसं कोणी बोलत नाही.

मनाला म्हटलं, असू दे. सांगलीत, विश्रामबागेत, तिसऱ्या मजल्यावर आमच्या तानाजीचं घर. मालक गेले आणि उरलेली मेंढरं विकून तानाजीनं मला इकडं आणलं. पत्ता नवा, माणूस कवठे महांकाळच्या माळावरचा. आधी स्वयंपाकघर सापडलं असेल, पुढच्या खेपेला माझी खोली सापडेल.

सापडली ती राहीबाई.

राहीबाई आमच्या वरच्या मजल्यावर राहते. फलटणकडची, उसाच्या घरातली. तिचे मालक हंबीरराव पलटणीतून सुभेदार म्हणून रिटायर झाले आणि घरात ती त्यांच्यापेक्षा वरच्या हुद्द्यावर आहे. जिन्यात गाठ पडली तर म्हणाली, "रंगुबाई, आवं, तुमचं मालक आलं होतं की आमच्याकडं!"

"कुठं?"

"सपनात. मला म्हणलं, वैनी, लिफ्ट बंद हाय का?"

"तुमी त्यास्नी कवा बघितलं? ते गेल्यावर तर मी हितं आले."

"फोटो बघितलाय की तुमच्या हॉलातला. हारासकट आलतं."

आता सांगा. ज्या बाईला ह्यांचा आवाज माहीत नाही, चाल माहीत नाही, तिच्याकडं जाऊन लिफ्टची चौकशी! लिफ्ट बंदच होती, हे खरं. महिनाभर बंद होती आणि सोसायटीचा चेअरमन जिवंत माणसालाही उत्तर देत नव्हता. पण तो मुद्दा वेगळा.

आणि मग गावाकडनं भाऊसोचा फोन. भाऊसो आमचा बांधाला बांध. बांधावरनं त्याच्यात आणि मालकांच्यात जन्मभर भांडण. दोघं एका पंगतीला बसले तर मध्ये खांब लागायचा. तो भाऊसो फोनवर गहिवरून सांगतोय, "वैनी, जोतीराम आला होता वो सपनात. गळ्यात पडला. म्हणला, भाऊसो, बांध तुझाच हाय गड्या, माझंच चुकलं."

"असं म्हणले?"

"बिरोबाच्यान."

"मग त्यास्नी परत सपनात बोलवा आन् तलाठ्याफुडं म्हणायला लावा," म्हटलं आणि फोन ठेवला.

ठेवला खरा, पण डोक्यातनं जाईना. बांधाचं मला काही नव्हतं. तो बांध म्हणजे तरवडाची चार झुडपं आणि एक वारूळ. पण सुनेकडं चहाला, राहीबाईकडं लिफ्टला, भाऊसोकडं गळ्यात पडायला. माझ्याकडं? ह्या माणसाच्या मागनं मी जन्मभर चालले. पावसाळा सरला की माळावरनं कृष्णाकाठाला, मृगाच्या आधी परत माळावर, पाठीवर पोर, घोड्यावर बिऱ्हाड. आणि माझ्याकडं एकदासुद्धा नाही!

मला चहा पाजायचा नव्हता, कबुली नको होती. मला एकदा त्यांचं तोंड बघायचं होतं. त्याला कारण तो हॉलमधला फोटो. मालकांनी हयातीत फोटो म्हणून काढला नाही. गेल्यावर तानाजीनं आधार कार्डावरचाच मोठा करून आणला. तो काढताना मशीनवाला म्हणाला होता, हलू नका, पापणी लवू नका, पटका काढा. तर उघड्या डोक्याचा, डोळे फाडलेला, चोरी करताना सापडल्यासारखा एक माणूस आमच्या भिंतीवर लागला. आधी मी त्याच्याकडं बघायचीच नाही. पण फोटो फार चिवट. रोज येता-जाता दिसणार, रोज हार बदलणार. हळूहळू असं झालं की मी डोळे मिटले तरी तेच तोंड पुढं यायला लागलं. खरं तोंड, उन्हानं काळं पडलेलं, हसताना एका बाजूला जाणारं, ते मागं मागं सरकत चाललं. ते पुरतं पुसायच्या आत मला एकदा बघायचं होतं. हे मी कोणाला बोलले नाही. नवऱ्याचं तोंड आठवेना, हे काय चारचौघींत सांगायचं असतं?

म्हणून मग मी मालकांना स्वप्नात आणायचं काम हातात घेतलं.

राहीबाईनं पहिला उपाय सांगितला. (तिच्याकडं मालक एकदाच येऊन गेलेले, पण ती बोलायची अशी की तिच्या घरी स्वप्नांची शाळाच चालते.) "त्येंच्या अंगावरचं कापड उशाला घ्या. वासानं माणूस येतंय."

मालकांचा पटका माझ्या पेटीत होता. धूर, लोकर आणि तंबाखू, असा त्याचा वास. तो घडी करून उशाला घेतला. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी वाटलं, आता येतील, पायाचा आवाज आला. ती सोनिया होती, पांघरूण घालायला आलेली. आणि तिसऱ्या दिवशी मी देवळातनं येते तो पटका गॅलरीत दोरीवर! सुनेनं मशीनला लावला होता. वर फुलाच्या वासाचं पाणी घातलं होतं.

"लय वास मारत हुता आत्या," ती म्हणाली, "मला वाटलं, तुमास्नीच तरास व्हईल."

मी तो ओला पटका नाकाला लावला. मोगरा. माझ्या नवऱ्याच्या पटक्याला मोगरा! मी काय बोलले ते लिहीत नाही, पण राहीबाई वरनं खाली बघायला आली एवढं सांगते. सोनिया रडली. मग मी पण आत जाऊन बसले. धुतलेलं परत मळवता येतं, पण ते मळवायला माणूस लागतं.

दुसरा उपाय वांग्याचा. वांगं खाऊन झोपलं की स्वप्नं पडतात, हे मला भाजीवालीनं सांगितलं आणि तिच्याकडं त्या दिवशी वांगीच उरली होती, हे मला उशिरा लक्षात आलं. भरलं वांगं खाल्लं. स्वप्न पडलं, नाही असं नाही. आली सासू! बावीस गावचं पाणी प्यालेली, कमरेला हात लावून. म्हणाली, "रंगे, भाकरी जळतीया तुझी." आणि मी दचकून उठून बसले. बोलावलं कुणाला, आलं कोण. पुढच्या वेळी वांगं खाल्लं तर कृष्णाकाठाला भेटलेला एसटीचा एक कंडक्टर येऊन सुट्टे मागून गेला. येणाऱ्यांची रीघ लागली होती, फक्त मालकांना सवड नव्हती. छातीत जळजळ मात्र आठवडाभर राहिली.

तिसरा उपाय हंबीररावांचा. ते म्हणाले, "रंगुबाई, फौजेत कसं, हुकूम दिला की माणूस हजर. झोपताना फुल नाव घेऊन हुकूम सोडायचा. एकदम कडक आवाजात."

नाव घ्यायचं! मी नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही. दवाखान्यात, बँकेत, नाव विचारलं की शेजारच्या बाईला सांगायला लावायची. तरी पण अडल्या वेळी काय करणार. दार लावून घेतलं, तोंड उशीत घातलं आणि घेतलं नाव. कडक आवाज कसला, कोकरू ओरडल्यासारखा आवाज निघाला. आणि एवढी लाज वाटली, एवढी लाज वाटली, की माझीच मी पदर डोक्यावर घेतला. कान तापले. ह्या वयात! झोप गेली ती गेलीच.

मुळात अडचण तीच होती. झोप होतीच कुठं? डोळा लागला की उघडायचा. लागला की उघडायचा. काय होतंय, दुखतंय का, तर काही नाही. सगळं शांत. आणि ती शांतताच मला उठवायची. मग मी उठून घरभर फिरायची, दाराची कडी बघायची, गॅलरीतनं खाली वाकून बघायची. आणि दिवसा पेंगायची. दोनदा कुकर करपला. राहीबाईच्या नातवाच्या बारशाला पाळण्याची दोरी माझ्या हातात दिली, तर पाळणा थांबला आणि मीच झोके घ्यायला लागले. बायका हसल्या. सुभेदारीण म्हणाली, "रंगुबाईचंच नाव ठेवा गं आधी." हे मात्र तानाजीच्या कानावर गेलं आणि तो मला झोपेच्या दवाखान्यात घेऊन गेला.

होय, झोपेचा दवाखाना. सांगलीत असतो. मला आधी वाटलं, लेक थट्टा करतोय.

काउंटरवर एक मुलगी होती, कॉम्प्युटरमध्ये बघूनच बोलणारी. "आजींना काय त्रास आहे?"

तानाजी चाचरला. मी सरळ सांगितलं, "मालक सपनात येत न्हाईत."

तिनं दोन-तीन बटणं दाबून बघितली. मग म्हणाली, "कॉम्प्युटरला असं नाहीये. घोरणं, झोपेत चालणं, झोपेत दचकणं, ह्यातलं एक सांगा."

"ह्यातलं कायबी न्हाई."

"एक घेतल्याशिवाय पुढंच जात नाही आजी. घोरणं टाकू?"

"माझ्या खानदानात कुणी घोरलं न्हाई!"

"टाका हो," तानाजी म्हणाला. पोटचा पोर! आणि त्या दिवसापासून त्या दवाखान्यात मी घोरणाऱ्या आजी झाले. "घोरणाऱ्या आजी आत या." "घोरणाऱ्या आजींचं बीपी घेतलं का?" शेजारी खुर्चीवर एक जाडजूड आप्पासो बसले होते, बसल्या बसल्या गाडी चालू केल्यासारखे घोरत होते. ते जागे झाले आणि माझ्याकडं भाऊबंदासारखं बघून हसले. मी तोंड फिरवलं.

डॉक्टरीण मात्र बरी होती. शिवांजली नाव. वयानं सोनियाएवढी, पण ऐकून घेणारी. तिनं तानाजीला बाहेर बसवलं आणि मला विचारलं, "आजी, सलग, मोडल्याशिवाय झोप शेवटची कधी लागली?"

"सलग कवाच न्हाई. आमच्यात पाळीनं झोपत्यात."

"म्हणजे?"

मग मी तिला सांगितलं. मेंढरं एखाद्याच्या रानात बसवायची, भोवतीनं वाघर लावायची, म्हणजे जाळं. पण जाळ्यानं लांडगा थांबत नाही आणि चोर तर हसतोच. म्हणून एकानं झोपायचं, एकानं घोंगडं पांघरून बसायचं. ते झोपले की मी जागी, मी झोपले की ते जागे. आणि जागणाऱ्यानं मधून मधून खाकरायचं. मोठ्यानं नाही, आपलं घशातल्या घशात. झोपलेल्याला झोपेत ते ऐकू येतं, आणि कळतं की माणूस जागं आहे, बसलेलं आहे. मग झोप आणखी खाली जाते. खाकरणं थांबलं तर मात्र उठायचं. एक तर राखणारा पेंगला, नाही तर काही तरी आलंय.

"म्हणजे तुम्ही दोघं एका वेळी कधी झोपलाच नाहीत?" ती म्हणाली.

मी हे कधी असं मोजलं नव्हतं. "न्हाई," म्हटलं, "तसं झोपलो न्हाई कवाच."

तिनं ते कागदावर लिहून घेतलं. मग तिनं मला समजावलं, की झोपेच्या आत एक तुकडा असतो, त्यात पापण्या मिटलेल्या असतात पण आत डोळे पळतात. तिथं स्वप्नं असतात. "तुम्ही तिथवर पोचता आणि लगेच माघारी येता. काय उठवतंय ते बघू. मशीन लावून झोपायचं. रात्रीच्या खाटा पुढच्या महिन्यापर्यंत भरल्यात, दुपारची देते."

दुपारचं झोपायला लांबून लांबून लोक सांगलीत येतात, हे मला त्या दिवशी कळलं. आमच्याकडं दुपारी झोपणाऱ्याला दुसरं नाव आहे.

ठरलेल्या दिवशी गेले. पडदे लावून अंधार केलेली खोली, पांढरी गादी, वर छताला कॅमेरा. एक पोरगी आली आणि माझ्या केसांत लगदा चोपडून वायरी डकवायला लागली. कपाळावर लावायची म्हणून कापसानं कपाळ पुसायला लागली. पुसते, पुसते, पुसतच राहिली. "आजी, निघत नाहीये हे."

"कसं निघंल? गोंदलंय ते! धरून बसायला पाच जणी लागल्या हुत्या."

ती पोरगी इतकी ओशाळली की वायर चुकून कानाला लावली. शेवटी झाली एकदा जुळणी. आरशात बघितलं, तर सगळ्या डोक्याभोवती वायरींचं जाळं. जन्मभर मेंढरांना वाघर लावली, आता सांगलीत मलाच लावली.

पलीकडच्या खोलीत सिद्धू नावाचा माणूस मशीनपुढं बसणार होता. जतकडचा, मिशीवाला. मला म्हणाला, "आजी, निवांत झोपा. मी हाय जागा. तुमी झोपंस्तवर आन् उठंस्तवर मी हालत न्हाई." भिंतीला जाळीचा डबा होता, त्यातनं त्याचा आवाज यायचा.

पडले. आता खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, परपुरुष आपल्याला झोपताना बघतोय म्हटल्यावर डोळा कसला लागतोय. पदर नीट केला, पाय जुळवले, छताकडं बघत पडले. एवढ्यात डब्यातनं आवाज आला. सिद्धूचा घसा बसला होता. तो खाकरला.

मग पुढचं मला काही माहीत नाही.

उठवलं तेव्हा पडद्याच्या फटीतली उन्हं सोनेरी झाली होती. अंग असं हलकं, जणू कोणी तरी माझ्यावरनं ओझं उचलून बाजूला ठेवलं होतं. डोळ्यांतनं पाणी येत होतं आणि का ते कळत नव्हतं. समोर डॉक्टरीण हसत उभी. "आजी, छान झोपलात! एकदाही जाग नाही. डोळेही भरपूर पळाले. आणि घोरणं," ती मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "अजिबात नाही!"

"ते तेवढं भाईर काउंटरवर वरडून सांगा," म्हटलं.

"काय दिसलं?"

"मेंढरं. बसल्याली. रवंथ करत हुती."

"आणि आजोबा?"

"न्हाई."

तेवढ्यात ती सिद्धूकडं वळली आणि तिचा आवाज बदलला. "सिद्धू, माइक चालू होता? सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये तुमचा खोकला आहे! पेशंटची झोप मोडली असती म्हणजे? घसा खराब होता तर सुट्टी घ्यायची."

सिद्धू मान खाली घालून उभा. आणि माझं डोकं फिरलं. डोक्याला वायरी तशाच, मी उठून उभी राहिले, मशीन टीं टीं करायला लागलं.

"त्याला बोलू नगंसा! त्यो खाकरला म्हणून मी झोपले! तुमचं मशीन कशाला इचारता, मला इचारा. घरात पंखा हाय, गादी हाय, दाराला तीन कड्या हायत. पर खाकरायला कोण न्हाई! सगळी झोपत्यात की! समदीच्या समदी एका टायमाला झोपत्यात, मग मी कशी झोपू?"

एवढं ओरडून बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. तानाजी दारात येऊन उभा होता.

गाडीवरनं घरी निघालो. शंभरफुटी रस्त्यावर सिग्नलला थांबलो तेव्हा तानाजी नुसतं म्हणाला, "आये, मी बारका असताना घोंगड्यात झोपायचो, तवा ऐकल्यालं आठवतंय मला."

"काय?"

"बा खाकरायचा ते."

सिग्नल सुटला. त्यानं गाडी पुढं काढली. ऑफिसात जाऊन जाऊन पोराला कमी बोलायची सवय लागली आहे. बापाला ती जन्मतःच होती.

राहीबाई दारातच वाट बघत होती. "काय निघालं?"

"काय न्हाई. झोप एक नंबर हाय म्हणाले. घोरणं अजिबात न्हाई." शेवटचं जरा वर तोंड करून बोलले, कारण हंबीररावांचं घोरणं आमच्या छतातनं खाली येतं.

"आन् मालक?"

मी दार लावून घेतलं.

पुढचा रविवार आला. दुपारची जेवणं झाली. सोनियानं भांडी आवरली, मी माझ्या खोलीत पडले. पंखा फिरत होता. खाली कोणी तरी गाडी पुसत होतं, मग तेही थांबलं. ती शांतता आली. माझे डोळे उघडले, नेहमीसारखे. आता उठावं, कडी बघावी.

आणि हॉलमधनं खाकरल्याचा आवाज आला.

नकली होता. अगदीच नकली. बाप खाकरायचा तो पोटातनं, हा खाकरला गळ्यातनं, शाळेत मास्तर यायच्या आधी पोरं खाकरतात तसा. मला हसू आलं. मी म्हटलं, हा पेंगणार, ह्याला कुठली सवय. जरा वेळानं परत आला आवाज. मग परत. सोनिया हळूच म्हणाली, "गोळी देऊ का घशाला?" आणि तानाजी म्हणाला, "गप. पाळीवर हाय मी."

मग झोप खाली खाली गेली.

माळ होता. मेंढरं बसलेली, वाघर लावलेली, हवेत लोकरीचा वास. मी घोंगड्यावर पडलेली. आणि वाघरीच्या कडेला मालक बसलेले. पाठमोरे. काठी मांडीवर आडवी, डोक्याला पटका, तोंड पलीकडं अंधाराकडं. तोंड दिसलं नाही. इतक्या दिवसांनी आले आणि तोंड दिसलं नाही.

मला हाक मारावी वाटली. लय वाटली. ओठापर्यंत आली. पण पाळीवरच्या माणसाला हाक मारत नाहीत, त्याची नजर हलते. म्हणून पडून राहिले आणि नुसतं बघितलं. डावा खांदा जरा खाली, घोंगडं टाकून टाकून झालेला. मानेमागं उन्हानं पडलेल्या तीन रेघा. बंडीचं मागचं ठिगळ, माझ्याच हातचं, तिरकं बसलेलं.

आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं. फोटोवाल्यानं तोंडाचा फोटो काढला. भाऊसोनं जन्मभर तोंडाशी भांडण केलं. त्या सगळ्यांच्या ओळखीचं ते तोंड. पण मी तर चालले ती मागनं. मेंढरांच्या पुढं ते, मागं मी, माळापासनं नदीपर्यंत आणि नदीपासनं माळापर्यंत. ती पाठ मी लाखात ओळखीन. तिला कुठला फोटो पुसणार?

ते खाकरले. पोटातनं. मी कूस बदलली आणि झोपले.

संध्याकाळी जिन्यात राहीबाईनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिला कळलंच. "आलं का मालक?"

"आले."

"काय म्हणलं? च्या पिलं?"

"च्या प्यायला ते काय पाव्हणे हायत?" मी म्हटलं. "पाव्हणे म्हणून तुमच्याकडं जात्यात, सोनियाकडं जात्यात, त्या भाऊसोकडं जात्यात. माझ्याकडं कामावर असत्यात. मी झोपले की ते जागे. मग सपनात येऊन गप्पा मारायला सवड कुठली?"

"मग तोंडबी न्हाई दावलं?"

"दावतील की. पाळी बदलायची येळ झाली की हलवून उठिवत्यात. रंगे, ऊठ, म्हणत्यात. तवा बघीन."

राहीबाईला तशीच उभी ठेवून मी चार पायऱ्या उतरले, मग थांबून वर बघून म्हटलं, "आन् परत तुमच्याकडं आले, तर लिफ्ट चालू झालीया म्हणून सांगा त्यास्नी. पर थांबवून घिऊ नगा. हितं राखण खोळंबती."